पंपाच्या डिझेल इंजिनाचे हेड : केव्हा उतरवावे व कसे

१९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, अलिबागपासून मुरूड-श्रीवर्धनपर्यंत, नारळी-पोफळीच्या वाड्या पसरलेल्या आहेत. पावसाळा संपला की या वाड्यांना विहिरीचे पाणी द्यावे लागते. पूर्वी हे काम बैलाने फिरणारा रहाट करीत असे. पुढे साताऱ्याच्या कूपर यांच्या कारखान्यातील आणि १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनीची डिझेल इंजिने शेतकऱ्यास मिळू लागली आणि रहाटाची जागा पंपाने घेतली. आता बहुतेक विहिरींवर विजेचे पंप बसले आहेत हे खरे; तथापि जेथे वीजजोडणी नाही तेथे, व वीज खंडित झाली असता इतरत्रही, डिझेल इंजिनाचाच आधार असतो. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळात विजेचे खांब उन्मळून पडले आणि अनेक गावे दीर्घकाळ विजेवाचून राहिली. पडवीच्या कोपऱ्यात पडून असलेले इंजिन चालू स्थितीत असणे किती गरजेचे आहे, हे त्या दिवसांत पुष्कळांच्या प्रत्ययास आले.

पोफळीचे झाड पाण्याच्या बाबतीत मोठे नाजूक आहे. मार्च ते मे या महिन्यांत तिला तीन ते पाच दिवसांच्या अंतराने पाणी मिळावे लागते. एकदा पाण्याचा ताण बसलेल्या झाडास पूर्ववत उत्पन्न देण्यास दोन-तीन वर्षे लागतात. म्हणून चैत्र-वैशाखात इंजिन नादुरुस्त होणे ही साधी अडचण नव्हे. याच घाईच्या दिवसांत, इंजिन चालत नाही असे दिसताच त्याचे हेड उघडले जाते; आणि पुष्कळदा असे आढळते की, हेड उघडण्याचे कारणच नव्हते, परंतु उघडताना मात्र एखादा स्टड तुटला. सबब हेड कसे उतरवावे याच्या आधी ते केव्हा उतरवू नये, हे पाहणे इष्ट होय.

सिलिंडरच्या वरच्या तोंडावर बसविलेले ओतीव लोखंडाचे झाकण म्हणजे हेड. हवा आत घेणारा व धूर बाहेर सोडणारा असे दोन व्हॉल्व्ह, डिझेलचा फवारा सोडणारे नोझल, आणि या सर्वांभोवती खेळणाऱ्या पाण्याचे मार्ग हे सारे त्यातच असते. हेड व सिलिंडर यांच्यामध्ये जे पातळ पॅकिंग असते त्यास गॅस्केट म्हणतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आत घेतलेली हवा सुमारे सोळा-सतरा पटीने दाबली जाते व त्या दाबाने ती इतकी तापते की फवारलेले तेल आपोआप पेट घेते. ५ अश्वशक्तीच्या व मिनिटास १५०० फेरे घेणाऱ्या एका प्रचलित इंजिनाचा सिलिंडर ८० मिलिमीटर व्यासाचा असतो. म्हणजे त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर भरते. तेल पेटते त्या क्षणी दर चौरस सेंटिमीटरवर ६० किलोग्रॅमचा दाब धरला, तरी हेडला वर ढकलणारा जोर ३,००० किलोग्रॅम होतो. हा जोर मोजके स्टड व त्यांवरील नट पेलतात, आणि तोही मिनिटास ७५० वेळा. नट सारखे आवळलेले नसले तर गॅस्केट का जळते, हे यावरून ध्यानात येईल.

हेड उघडण्यापूर्वी

इंजिन सुरू होण्यास त्रास देते, हँडल फिरविताना दाब लागत नाही, अशी तक्रार असल्यास प्रथम डिझेलचा फिल्टर व हवेचा फिल्टर तपासावा. किनाऱ्यावरील बारीक वाळूने हवेचा फिल्टर लवकर तुंबतो. त्यानंतर टॅपेटची फट पाहावी. व्हॉल्व्हची दांडी व रॉकर यांमध्ये इंजिन थंड असताना फट असावयासच पाहिजे. ती नाहीशी झाली की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही व दाब निसटतो. हा दोष फिलर गेज व एक पाना यांनी दहा मिनिटांत दूर होतो. त्यासाठी हेड उतरविणे म्हणजे कौल सरकला म्हणून छप्पर उतरविणे होय.

फट बरोबर असूनही दाब लागत नसेल, तर तो कोठून निसटतो हे कानाने ओळखता येते. डिझेलचा नळ बंद करून फ्लायव्हील हाताने सावकाश दाबाच्या फेऱ्यावर आणावे व तेथे धरावे. हवेच्या फिल्टरकडे फुसफुस ऐकू आली तर आत घेणारा व्हॉल्व्ह गळतो. सायलेन्सरमधून आली तर धुराचा व्हॉल्व्ह गळतो. तेल भरण्याच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा किंवा लायनर झिजलेला आहे, आणि अशा वेळी नुसते हेड उतरवून भागणार नाही. हेडच्या सांध्यावर साबणाचे पाणी लावले असता बुडबुडे उठले, तर दोष गॅस्केटचा. मात्र तेव्हाही आधी नट योग्य क्रमाने आवळून पाहावेत. ढिले नट हे एकच कारण असण्याचा संभव असतो.

जाणाऱ्या थंडाव्याच्या पाण्यातून सारखे बुडबुडे येणे, इंजिनातील तेल ताकासारखे पांढरट होणे, अथवा रात्रभर उभे असलेले इंजिन सकाळी फिरेनासे होणे, ही मात्र गंभीर लक्षणे आहेत. यांपैकी शेवटचे लक्षण दिसल्यास हँडल जोराने मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी उतरलेले असू शकते. पाणी हवेप्रमाणे दबत नाही, आणि जोर केल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा इंजिनाचे हेड उतरविण्यावाचून गत्यंतर नसते.

उतरविण्याची रीत

इंजिन पूर्ण थंड असावे. सायंकाळी बंद केलेले इंजिन सकाळी उघडणे उत्तम. गरम ओतीव लोखंडावरील नट सोडल्यास हेडचा पृष्ठभाग वाकण्याचा धोका असतो, व वाकलेले हेड कितीही नवे गॅस्केट घातले तरी गळतच राहते. आदल्या रात्रीच प्रत्येक नटाच्या मुळाशी डिझेल व इंजिन ऑइल यांचे मिश्रण सोडून ठेवावे. खाऱ्या वाऱ्याने येथील नट घाटावरच्या नटांपेक्षा फार लवकर गंजतात, आणि स्टड तुटण्याचे प्रकार बहुतांशी कोरड्या, गंजलेल्या नटावर एकदम जोर केल्यानेच होतात. तुटलेला स्टड काढण्यास यंत्रशाळेत जावे लागते. म्हणजे वाडीचे पाणी आणखी आठवडाभर तुंबले.

काम वाऱ्यावर किंवा वाळूत करू नये. जमिनीवर ताडपत्री व तीवर स्वच्छ फडके अंथरावे. हेडच्या बाहेरील भाग ब्रश व रॉकेलने आधी धुऊन घ्यावा, कारण सांधा उघडल्यावर बाहेरची वाळू आत पडली तर ती लायनरवर कानसासारखी चालते. लहान नट व वॉशर ठेवण्यास नारळाच्या करवंट्यांइतके सोयीचे भांडे नाही. एकेक भाग काढावा तसा त्याचे नट वेगळ्या करवंटीत टाकावे व करवंट्या काढल्याच्या क्रमाने मांडून ठेवाव्यात. अक्षरे न वाचणाऱ्या मजुरासही या क्रमाने उलट जोडणी करता येते.

प्रथम डिझेलचा नळ बंद करावा आणि खालच्या कॉकातून थंडाव्याचे पाणी सोडून द्यावे. पाणी येत नसेल तर कॉक गाळाने बुजला असे समजावे व तो माडाच्या झावळीच्या हिराने मोकळा करावा. पाणी न सोडता हेड उचलले तर ते सरळ सिलिंडरमध्ये जाते. नंतर नोझलची नळी दोन्ही बाजूंनी सोडून बाजूस काढावी व उघडी तोंडे प्लॅस्टिकच्या स्वच्छ तुकड्याने बांधावीत. नोझलची छिद्रे इतकी बारीक असतात की फडक्याचा एक धागादेखील ती बुजवू शकतो. त्यापाठोपाठ हवेचा फिल्टर, सायलेन्सरचा पाइप, पाण्याच्या नळ्या, रॉकरला तेल नेणारी नळी आणि शेवटी रॉकरचा संच उतरवावा. दोन्ही पुशरॉड काढताना कोणता कोणत्या व्हॉल्व्हचा याची खूण करावी. त्या एकमेकींस जुळून बसलेल्या जागा असतात व त्यांची अदलाबदल इष्ट नसते. नोझल मात्र तूर्त जागीच राहू द्यावे. त्याचा उपयोग पुढे होणार आहे.

आता हेडचे नट. एक नट पूर्ण काढून मग दुसऱ्यास हात घालणे ही सर्रास आढळणारी चूक होय, कारण त्यामुळे उरलेला सारा ताण एका बाजूस येतो. प्रत्येक नट पाव फेरा सोडावा, मग त्याच्या समोरचा तिरकस नट पाव फेरा सोडावा, व असे दोन-तीन वेळा फिरून सर्व नट सैल करावेत. पाना रिंगाचा अथवा बॉक्सचा असावा. उघड्या तोंडाचा पाना नटाचे कोपरे खातो.

नट सैल झाल्यावरही हेड सहसा हलत नाही. अशा वेळी सांध्यात छिन्नी किंवा पेचकस ठोकण्याचा मोह होतो, आणि हेड बाद होण्याचे हे एक मोठे कारण आहे. छिन्नीचा एक ओरखडा पुढे गॅस्केट जळण्याची वाट करून देतो. त्याऐवजी हेडच्या बाजूंवर लाकडी हातोड्याने हलके ठोके द्यावेत. तरीही न सुटल्यास इंजिनाच्याच दाबाचा उपयोग करावा. सर्व नट दोन-तीन आटे सैल, परंतु स्टडवरच ठेवून फ्लायव्हील हाताने फिरवावे. रॉकर काढलेले असल्याने दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, नोझल जागी असल्याने तेही छिद्र बंद असते. त्यामुळे वर येणारा पिस्टन आतील हवा दाबतो व ती हवा हेडला आतून उचलते. डिझेलची नळी आधीच सोडलेली असल्याने इंजिन पेटण्याची भीती नसते. नट मात्र काढून टाकलेले नसावेत. ज्या इंजिनात पाणी उतरल्याचा संशय आहे तेथे हा उपाय करू नये.

सांधा सुटला की नट काढून हेड दोघांनी धरून स्टडच्या रेषेत सरळ वर उचलावे, आणि नोझलचे टोक जमिनीस टेकणार नाही अशा रीतीने लाकडाच्या दोन ठोकळ्यांवर ठेवावे. येथून पुढे फ्लायव्हील विनाकारण फिरवू नये. ज्या इंजिनात लायनर थेट पाण्यात बसविलेला असतो तेथे वर दाब उरला नाही म्हणजे पिस्टनबरोबर लायनरही उचलला जातो आणि त्याच्या खालच्या रबरी रिंगा सुटून पाणी तेलात उतरते.

उघडलेले हेड काय सांगते

जुने गॅस्केट लगेच फेकून देऊ नये. ज्या ठिकाणी काळा पट्टा कडेपर्यंत गेलेला दिसेल तेथून वायू निसटत होता. पिस्टनचा माथा सर्वत्र काजळीने काळा असून एकाच भागात धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर तेथे पाण्याची वाफ होत होती. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याची धूळ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांचे गंभीर विकार होतात, म्हणून ते कोरडे खरवडू नये. पाण्याने भिजवून, तोंडावर फडके बांधून, लाकडी अथवा पितळी पट्टीने काढावे, व ओलेच पिशवीत बांधून मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. वाऱ्याच्या झोताने अथवा तारेच्या ब्रशाने तर मुळीच उडवू नये.

हेडचा पृष्ठभाग स्वच्छ झाल्यावर त्यावर पोलादी पट्टी उभी धरून, आडवी, उभी व दोन्ही तिरकस अशा चार दिशांनी, खाली फिलर गेज सरकतो का ते पाहावे. कारखान्याच्या पुस्तिकेतील मर्यादेबाहेर वाक असल्यास हेड यंत्रशाळेत पाठवून पृष्ठभाग सरळ करून घ्यावा. दोन व्हॉल्व्हांच्या मधील अरुंद पट्टीवर चीर पडण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. ती डोळ्यांना दिसत नसल्यास तेथे रॉकेल चोळावे, काही वेळाने कोरडे पुसून खडूची पूड लावावी. चीर असेल तर तीतील रॉकेल पाझरून खडूवर ओली रेघ उमटते. व्हॉल्व्हची परीक्षाही रॉकेलनेच होते. दोन्ही मार्गांत थोडे रॉकेल ओतावे. व्हॉल्व्हच्या कडेने ते झिरपले तर व्हॉल्व्ह घासण्याची पेस्ट लावून, बैठकीवर करडे अखंड कडे उमटेपर्यंत घासावा. घासल्यानंतर पेस्टचा कण न कण धुऊन काढावा, नाहीतर तीच पेस्ट पुढे लायनर घासील.

किनाऱ्यावरील हेडमध्ये याखेरीज एक गोष्ट हटकून आढळते, व ती म्हणजे पाण्याचे मार्ग गंजाने व पांढऱ्या क्षाराने बुजलेले असतात. पंपाच्याच पाण्याची एक लहान नळी इंजिनास जोडून ते पाणी पुढे पाटात सोडण्याची रीत येथे रूढ आहे. घाटावरच्या गोड्या विहिरीस ती चालते. परंतु समुद्राच्या दर लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि किनाऱ्यालगतच्या विहिरीत हे पाणी उन्हाळ्यात थोडेबहुत मिसळतेच. गोडे पाणी हलके असल्याने ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर जितके फूट गोडे पाणी, त्याच्या सुमारे चाळीस पट खोलीपर्यंत ते खाली असते, असा हिशेब आहे. याचाच अर्थ असा की, पंपाने विहिरीची पातळी दीर्घकाळ एक फूट खाली नेली, तर खारे पाणी खालून चाळीस फूट वर येऊ पाहते. रहाट थोडे थोडे पाणी काढी, म्हणून विहिरी गोड्या राहत. इंजिन तासाभरात उपसते. विहीर खारट करण्यास व स्वतःचे हेड सडविण्यास असे दोहोंस तेच कारण होते. पाणी खारट लागू लागले की उपसा थांबवून थोड्या थोड्या वेळाने पंप चालविणे हे पोफळीच्या व इंजिनाच्या दोघांच्याही हिताचे आहे.

बुजलेले मार्ग हिराने व लवचिक तारेने मोकळे करून पाण्याच्या धारेने धुवावेत. पुन्हा तसे होऊ नये म्हणून थंडाव्यासाठी पंपाचे पाणी बंद करून गोड्या पाण्याचे पिंप जोडणे हा खरा उपाय होय. पिंपाचा तळ इंजिनाच्या पाणी घेण्याच्या तोंडाहून उंच असावा. हेडमधून निघणारी नळी सतत चढती असावी, व पिंपातील पाण्याची पातळी तिच्या तोंडाच्या वर राहावी. मग गरम पाणी हलके होऊन वर चढते, थंड पाणी खालून येते, व पंपावाचून फेरी चालू राहते. ५ अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर असताना थंडाव्याच्या पाण्यास इतकी उष्णता देते की २०० लिटरच्या पिंपातील पाणी तासास सुमारे १५ अंश सेल्सियसने तापते. तेव्हा एका पिंपावर दोन-तीन तासांपेक्षा अधिक काळ इंजिन चालवावयाचे असल्यास दुसरे पिंप जोडावे. पिंपात पावसाचे साठविलेले पाणी भरल्यास सर्वांत उत्तम. दोन पिंपांचा खर्च एका नव्या हेडच्या मानाने क्षुल्लक आहे.

पुन्हा बसविणे

गॅस्केट नेहमी नवे घालावे. एकदा दाबले गेलेले गॅस्केट दुसऱ्यांदा तसे दाबले जात नाही. तांब्याचे दिसते म्हणून ते चांगले असेल असे नाही. ते त्याच इंजिनाचे आहे याची, व त्यातील पाण्याची भोके हेडच्या भोकांशी जुळतात याची, खात्री करून घ्यावी. सर्व स्टडांचे आटे साफ करून त्यांना तेलाचा हात लावावा, कारण गंजलेल्या आट्यावर नट घट्ट वाटतो पण हेडवर दाब येत नाही.

हेड यंत्रशाळेत घासून आणलेले असल्यास किंवा गॅस्केटची जाडी बदललेली असल्यास, पिस्टन व हेड यांमधील अंतर तपासणे आवश्यक आहे. मऊ शिशाच्या तारेचा तुकडा पिस्टनच्या माथ्यावर, व्हॉल्व्हच्या खाली येणार नाही असा ठेवून हेड आवळावे व फ्लायव्हील हाताने एक फेरा सावकाश फिरवावे. नंतर हेड काढून चेपलेल्या तारेची जाडी मोजावी. तेच अंतर होय. ते पुस्तिकेतील आकड्याहून कमी असल्यास इंजिन सुरू करू नये.

नट आवळताना सोडण्याचाच तिरकस क्रम ठेवावा व तीन फेऱ्यांत, प्रथम हलके, मग मध्यम, शेवटी पुरते, असे आवळावे. टॉर्क पाना मिळाल्यास पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे आवळणे सर्वांत चांगले. तो नसल्यास नेहमीच्या लांबीचा पाना हाताच्या जोराने वापरावा. पान्यास लोखंडी पाइप जोडून आवळण्याची खोड घातक आहे. पुशरॉड, रॉकर, नळ्या उलट क्रमाने जोडून टॅपेटची फट लावावी व डिझेलच्या नळीतील हवा काढून टाकावी. सुरू करण्यापूर्वी डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलून इंजिन हाताने काही फेरे फिरवून पाहावे.

पहिला अर्धा-एक तास इंजिन पंपाच्या भारावाचून, मंद गतीने चालवावे, व सांध्यावर आणि पिंपातील पाण्यावर लक्ष ठेवावे. नंतर ते बंद करून पूर्ण थंड झाल्यावर नट पुन्हा एकदा त्याच क्रमाने आवळावेत. नवे गॅस्केट तापून बसते व नट किंचित सैल होतात. ही दुसरी आवळणी न केल्यामुळे पंधरा दिवसांत गॅस्केट गेल्याची उदाहरणे गावोगाव आढळतात. आवळणीनंतर टॅपेटची फट बदलते, तीही पुन्हा लावावी. पावसाळ्यात इंजिन उभे ठेवावयाचे असल्यास पाणी पूर्ण सोडून कॉक उघडाच ठेवावा, सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घालावा, आणि पंधरा दिवसांतून एकदा लिव्हर उचलून फ्लायव्हील चार फेरे हाताने फिरवावे.